गोलूचं खरं वय

प्रिय बाबा,

शिरसाष्टांग नमस्कार लिहायला घेतला होता, पण हात वळला नाही. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली, एकदाही लिहिलं नव्हतं. आज कोर्टाबाहेर गोलूची आई भेटली, म्हणून लिहितेय.

आठवते ना? माधवगंजात आपल्या मागच्या गल्लीतली. गोलूने सिटी सेंटरला एका बाईचा मोबाइल हिसकावला, पहिलाच गुन्हा, तेव्हा ती लसीकरणाचं कार्ड घेऊन आपल्या दारात आली होती. "साहब, देख तो लो, अभी सत्रह का है।" तुम्ही कार्ड हातातसुद्धा घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी कोर्टात सरकारी वकील म्हणून ठणकावून सांगितलंत, शाळेच्या दाखल्यावर अठरा पूर्ण आहेत! गोलू बालसुधारगृहाऐवजी मोठ्यांच्या तुरुंगात गेला.

शाळेचे दाखले कसे बनतात हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? मला लवकर पहिलीत घालायचं म्हणून तुम्हीच माझं वय वर्षाने वाढवलंत! त्यापायी मी वर्षभर आधी रिटायर होणार, आणि आई हे अजून कौतुकाने सांगते. गोलूच्या वेळी मात्र तोच कागद काळ्या दगडावरची रेघ?

आणि त्याच आठवड्यात थाटीपुरच्या शाळेत तुमचं भाषण, मुलांनी गुन्ह्याच्या वाटेला जाऊ नये म्हणून. शाल, श्रीफळ, टाळ्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान! टाळ्या मीही वाजवल्या, वेडी.

गोलू सुटला तो तुरुंगातले मित्र घेऊनच. आता खुनाबद्दल जन्मठेप भोगतोय. ज्याला त्याने मारलं तो मुलगा आईबापांना एकुलता एक होता. बाबा, त्याचं काय करायचं?

आज गोलूची आई धाकट्यासाठी आली होती. चोरीच्या मोटरसायकलवर सापडलाय. शाळा तीच, गुरुजींनी अंदाजाने टाकलेली जन्मतारीख, दाखल्यावर पुन्हा अठरा. आणि सरकारी वकील मी. "बेटी, तुम्हारे पापा ने तो देखा नहीं था। तुम देख लो।" कार्ड घेतलं, पण मला मान वर करवेना.

तुम्ही दुष्ट नव्हता, हेच तर जास्त सलतं. तुम्हाला फक्त केस हरायची नव्हती.

उद्या कोर्टात मी त्या कार्डाला हरकत घेणार नाही. उलट मीच म्हणेन, दवाखान्यातलं जन्माचं रजिस्टर मागवा. सरकारी वकील असून आरोपीची बाजू घेता, असं आमचे वरिष्ठ साहेब सुनावतील. सुनावू देत. कोर्टात अजून सगळे मला तुमची मुलगी म्हणूनच ओळखतात. पण हे कुणाकडून शिकलीस असं कुणी विचारलं, तर बाबा, शब्द देते, तुमचं नाव घेणार नाही.

तुमची,
नंदू