डिमेलो घराण्याचा सिंह

३ नोव्हेंबर, दुपारी
आज कळलं, आम्ही सरदार घराणं आहोत. नेटवर ‘डिमेलो’ टाकलं तर डायरेक्ट ढाल आली. लाल, मधे सिंह, वर मुकुट. पोर्तुगालची. अकरावी सोडल्याचं आता काही वाटत नाही. सरदार लोक कुठे अकाउंट्स शिकायचे?
पप्पांना सांगितलं नाही. इथे गल्फमधे, मरीना भागातल्या हॉटेलात ऑम्लेट करतात. त्यांना काय कळणार.

५ नोव्हेंबर
ठरलं. ब्लेझरच्या खिशावर ढाल. चौदाला चर्चच्या क्वायरचं गेट-टुगेदर. तिथे लॉराशी बोलायचं. आठ महिने ती पुढच्या रांगेत गाते, मी मागे ओठ हलवतो. आडनावसुद्धा विचारलेलं नाही. आता ढालच बोलेल.

८ नोव्हेंबर
रास अल खोरला गेलो, वर्कशॉपांच्या भागात. एम्ब्रॉयडरीवाला हारुन. अडाणी माणूस. कुरिअरवाल्यांच्या टोप्या शिवतो. म्हणाला, “टेन्शन नहीं हबीबी, बिल्ली फर्स्ट क्लास बनेगी.” शेर आहे, सांगणार होतो. पण सरदार वाद घालत नाही.

१२ नोव्हेंबर
ब्लेझर आला. सिंह जरा गुबगुबीत. खाऊनपिऊन सुखी घराणं.
शेजारचा निखिल लिफ्टमधे म्हणे, “कुठली सिक्युरिटी कंपनी, ब्रो?” स्वतःच्या गळ्यात इंटर्नचं आयकार्ड, बैलाच्या घंटेसारखं. मी ताठ मानेने बाहेर पडलो. मजला आला होता.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
लॉरा स्वतः आली! ढालीवर बोट ठेवून म्हणाली, “सो क्यूट! काय आहे हे?” मी म्हणालो, “डि... डिमेलो.”
ती किंचाळलीच. “शट अप! मीपण डिमेलो! म्हणजे तू माझा कझिन ब्रदर!” मग हॉलभर ऐकू जाईल असं, “मम्मी, भाऊ मिळाला!” मम्मीने माझा गालगुच्चा घेतला.

१५ नोव्हेंबर, सकाळी
पप्पांना ढाल दाखवलीच. हसून हसून खोकला लागला. म्हणे, “अरे येड्या, पूर्वजांना ज्या पोर्तुगीज पाद्रीने बाप्तिस्मा दिला, त्याचं आडनाव लागलं. वसईत अर्धं गाव डिमेलो. एकमेकांचे कोणी लागत नाहीत. कसले सरदार? आपण केळीवाले!”
म्हणजे लॉरा माझी बहीण नाही. पण मग सिंहही माझा नाही.
एवढ्यात तिचा मेसेज. “गुड मॉर्निंग भय्या!”
सगळं खरं टाइप केलं. पाद्री, बाप्तिस्मा, केळी. वाचलं. डिलीट केलं. ऑम्लेटवाल्याला इतिहास काय कळतो?
रिप्लाय दिला. “गुड मॉर्निंग, सिस.”