एक्केचाळीस श्वास

सोमवार, ३ तारीख
आले एकदाची आत्याकडे! नववीतनं शाळा सोडल्यापासून जो तो विचारायचा, आता पुढे काय? आता सांगता येईल, काम करते. आत्या गाते, काका घरीच रेकॉर्डिंग करतात. आतल्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, मधे माईक, दाराबाहेर कॉम्प्युटर. रेकॉर्ड झालेलं गाणं साफ करायचं काम माझं. जेवताना मी दोनच शब्द बोलले. आत्या म्हणाली, बरं झालं बाई, घरात एक तरी ऐकणारं माणूस आलं, तुझे काका तर झोपेतही बडबडतात.

बुधवार, ५
आत्याच्या गाण्यात मधेच कट्‌कट्‌ वाजत होतं. काका वायरी बदलून बदलून थकले. मी गुपचूप बफर वाढवलं, म्हणजे कॉम्प्युटरला जरा उसंत दिली. कटकट गेली. आत्यानं गाणं परत म्हटलं, एकदम मस्त झालं. काका म्हणाले, शाळेनं हिरा घालवला. मी लाजून भांडी घासायला पळाले.

शनिवार, ८
काका म्हणाले, ओळींच्या मधे आत्याचे श्वास फार ऐकू येतात, थोडे हळू कर. एकेक हळू करत बसायचा कंटाळा आला. सरळ कापून टाकले. एक्केचाळीस होते. आणि मूळ फाईलवरच सेव्ह केलं. कॉपी ठेवत जा म्हणून काकांनी दहादा बजावलं होतं. नंतर ऐकलं तर माणूस गातंय असं वाटेचना. काकांनी विचारलं, मूळ आहे ना? मी मान डोलावली.

रविवार, ९
आत्या कपडे वाळत घालताना तेच गाणं गुणगुणत होती. मधेच तिचे ओठ निळे पडले. नंतर हसून म्हणाली, वय झालं गं माझं.

मंगळवार, ११
डॉक्टर म्हणाले, छातीत काही दोष नाही. पण मी बघितलंय. जिथे जिथे मी कापलं, तिथे तिथे तिची छाती हलत नाही. आणि गाणं तिला थांबवता येत नाही. भाजी चिरताना, दुपारी झोपेत, सारखं तेच. काल दोन ओळी. आज अर्धं गाणं. उद्या पूर्ण म्हटलं तर —

गुरुवार, १३
काकांना सांगायला गेले. ते डोळे पुसत म्हणाले, तू आहेस म्हणून धीर आहे गं. तशीच मागे फिरले.
मग माईकसमोर बसले. माझाच एक श्वास रेकॉर्ड केला, पहिल्या जागी चिकटवला. स्वयंपाकघरात आत्यानं बरोबर तिथे श्वास घेतला. मोठ्ठा.
माझा तेवढा कमी झाला.

शुक्रवार, १४
सव्वीस झाले. आत्या पोटभर जेवली. काका म्हणतात, पोरीचा पायगुण चांगला. पायगुण! मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिना चढवत नाही — चार पायऱ्या, की बसते —

शनिवार, १५
चाळीस. आत्या हाका मारतेय, आवाज खणखणीत. घुमे, ओ तरी दे म्हणते. ओ द्यायला श्वास पुरत नाही — एकच जागा राहिली.
आत्या, मूळ मीच पुसलं. काकांशी खोटं बोलले. हे तोंडानं सांगायचं होतं. आधी हा एवढा एक घेते, मग तुझ्यापाशी येऊन —