तोंडावरचा दुपट्टा

नाकाडोंगरी, फेब्रुवारी १९८१. लग्नाची संध्याकाळ.

मेहुणीचं लग्न आटोपलं एकदाचं. फिल्म मीच काढली, पण सकाळी सासुरवाडीत अब्रू जायची वेळ आली होती. कॅमेऱ्याला डोळा लावला की काचेवर वाफ. पुसली की पुन्हा वाफ. नवरदेव मांडवाशी पोचला, आणि मला नुसतं धुकं दिसतंय! शेवटी बायकोच खेकसली, "तोंडाले दुपट्टा कायले बांधला? सारी वाफ वर काचेवरच जाऊन राहिली ना!"

थंडीत इथे सगळेच बांधतात. मग माझ्या डोक्यात कसं येणार? दुपट्टा सोडला आणि काच लख्ख झाली. पण कान गारठले, तर ही बाई वाऱ्याला शाल आडवी धरून माझ्या मागे उभी राहिली. पार अक्षता पडेपर्यंत.

आत्ता लक्षात आलं. सख्ख्या बहिणीच्या लग्नाच्या फिल्ममध्ये ती कुठेच नाही. सांगितलं तर म्हणते, "मी होती ना तुमच्याजवळ."

थोडी फिल्म उरली आहे. उद्या सकाळी तिला न सांगताच काढीन. सांगितलं तर पदर सावरत बसेल. कान गारठले तर गारठू दे. दुपट्टा खुंटीलाच राहील.