एक माळभर उघडं

४ मार्च

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

देवाच्या कृपेने आम्ही बरे आहोत. याखेरीज बरं असं लिहिण्यासारखं काही नाही. आठ दिवस माहेरी राहून काल परतले, तर तुम्ही दिलेल्या तीन ऑर्किडांपैकी मधलं प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं. गाठ सोडताच वास आला. गाभा काळा पडलेला, पानं हातात आली, कळ्या तिन्ही तळाशी गळलेल्या. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, ताई येऊन पाणी घालून बांधून गेली, उघडू नको म्हणाली. एरवी तुमचे भाऊ माझं एक ऐकत नाहीत. आज्ञा पाळायची बुद्धी नेमकी आत्ताच व्हावी!

वन्सं, काचघरातली रोपं आधी पिशवीत ठेव, कोरड्या हवेची सवय हळूहळू लाव, असं तुम्हीच लिहिलं होतंत. पहिल्या दिवशी जपाची एक माळ होईस्तोवर पिशवी काढली, दुसऱ्या दिवशी दोन माळा. असं वाढवत दीड महिन्याने पिशवी घडी घालून फडताळात ठेवली. वहीत रोजची नोंद आहे. आमच्या हीटरने माणसांचे ओठ फुटतात, तिथे ते कळ्या धरून उभं होतं. माझी वाट तरी बघायचीत.

तुमच्या पायांवर डोकं ठेवते, आणि तिथूनच सांगते की मी फार रागावले आहे.

तुमची,
वहिनी

७ मार्च

चि. सौ. माळवालीस,
अनेक आशीर्वाद, राग गिळून.

चोवीस वर्षं मी काचघरात ऑर्किडं वाढवली. तू दीड महिना. मधल्याची मुळं सगळ्यांत पांढरीफटक दिसली, म्हणून पाणी घालून बांधलं. ज्या काचघराच्या भिंतींना पाणी सुटायचं, तिथली ती लेकरं. देवाचं नाव घेऊन हवेला ओल येत नसते, बाई. रविवारी खोकी घेऊन येते. उरलेली दोन तयार ठेव. भावाला आशीर्वाद सांग, त्याने तरी माझं ऐकलं.

लोभ तुझ्याकडे राहू दे, रोपं मात्र परत कर.

वन्सं

११ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

काल आले होते. दार नुसतं लोटलेलं, तू पाठमोरी जपाला बसलेली. हाक मारली नाही. खिडकीतली दोन्ही रोपं जवळून पाहिली. मुळं पांढरीच, पण टोकं हिरवीगार. आखूड, जाड, नवी. ती माझ्या काचघरात फुटलेली नाहीत, तुझ्या घरात फुटलीत. शेजारची वहीही वाचली. मी ज्याला तहानलेलं समजले, ते रुळलेलं होतं. इतक्या वर्षांत मला हे कळू नये!

रिकामी खोकी जिन्यात ठेवून आले, रद्दीत घाल. चूक माझी. लोभ उरला असेल तर कळव.

वन्सं

१४ मार्च

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

लोभ उरला आहे. रागही उरला आहे, आणि तो जास्त आहे. एका दिवसात जाणार नाही. रोज एकेक माळ कमी करत आणते, दीड महिना धरून चाला. तोवर यायचं तर जरूर या. बेल वाजवा, बसा, आणि पाण्याच्या भांड्याला हात लावू नका.

तुमची,
माळवाली