कारण फलकावर लावावे

४ फेब्रुवारी
झालं एकदाचं! ऑफिसातल्या सगळ्या संगणकांना आजपासून माझं कुलूप. संगणक सामायिक, त्यामुळे ज्याला जे वाटेल ते तो त्यात टाकायचा — पत्त्यांचे खेळ, गाणी, कुठून कुठून उतरवलेले फुकटचे प्रोग्राम. मागच्या महिन्यात व्हायरस शिरला आणि पगाराची फाइल गेली. आता माझ्या पासवर्डशिवाय काहीच टाकता येणार नाही. जुनं होतं तेही पुसलं.

कुणाला काही हवंच असेल तर कारणासकट अर्ज करायचा, आणि तो अर्ज आठवडाभर जिन्याजवळच्या फलकावर लावायचा. ही माझी कल्पना. वशिला नको, कानगोष्टी नकोत. साहेब खूश! घरी सांगितलं तेव्हा आईने दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. बाबा मात्र पुन्हा पुन्हा विचारत होते, अर्ज सगळेजण वाचणार का? म्हटलं, तोच तर मुद्दा आहे.

५ फेब्रुवारी
रेडिओकाका आले होते. आलेल्या तक्रारी संगणकावर वाचून ज्या-त्या टेबलाकडे पाठवायच्या, हे त्यांचं काम. दिवसभर कानात इयरफोनची वायर, म्हणून हे नाव. हळूच म्हणाले, "माझं ते एक तेवढं परत टाकून दे, पोरी."

कशासाठी, विचारलं. शेजारी दोघं उभे होते. काका हसले. सवय झालीय म्हणाले, दुसरं काय. मी अर्ज हातात दिला. त्यांनी न बघताच घडी घालून खिशात टाकला.

वाईट वाटलं. पण एकाला गाण्यांची मुभा द्यायची, तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?

११ फेब्रुवारी
काकांचा अर्ज नाही. म्हणजे तेवढी गरज नव्हतीच.

१९ फेब्रुवारी
काकांनी पुन्हा भलत्याच टेबलाकडे तक्रार पाठवली. साहेबांनी चारचौघांत झाडलं. गाणी गेली आणि काकांचा सूरच बिघडला, असं कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीसुद्धा.

२७ फेब्रुवारी
काका निवृत्तीआधीच नोकरी सोडताहेत. उद्या शेवटचा दिवस. का, ते कुणालाच सांगत नाहीत.

२८ फेब्रुवारी
संध्याकाळी काकू न्यायला आल्या. ऑफिस नुकतंच सुटलेलं, जिन्यात सगळ्यांच्या घोळक्यात मी त्यांच्या मागे होते. प्रत्येक पायरीला काकू हलकेच म्हणत होत्या — पायरी. पायरी. आता सपाट.

खाली गेल्यावर मी विचारलं, असं अचानक का? काकूंनीच सांगितलं. नजर दोन वर्षांपासून जात चाललीय. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम होता, तो कानात ऐकून रेटत होते. ऑफिसात कळलं असतं तर टेबल काढून घेतलं असतं.

गाणी नव्हतीच ती!

"मला सांगायचं होतंत ना, काका."

"तुला सांगितलं असतं गं. फलकाला कसं सांगू?"

मी आत्ता वर जाऊन तो प्रोग्राम परत टाकून देते म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्याच्या अदमासाने हात उचलला, तो खांद्यावर पडला. "राहू दे. आता सगळ्यांना कळलंय."

१ मार्च
बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या शाळेत पालकसभेला आलं की सगळ्यांसमोर सही करावी लागायची. मी अंगठेवाला."

आणि मी वर्गात सांगायचे, माझ्या बाबांना वेळ नसतो.