शिट्टी वाजली की प्रश्न बंद

प्रिय ढमे,

वजनकाट्यावर आता तू ढमी उरली नसशील, पण मी नाव बदलणार नाही. पुन्हा त्या नावाला शोभेल अशी हो, म्हणजे झालं. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलंय, सांभाळून घे. फोनवर तू मला मध्येच तोडलं असतंस, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या लेकीचं, भुंगीचं सांगायचंय. सारखी गुणगुणते म्हणून आपण हे नाव ठेवलं, पण तू दवाखान्यात गेल्यापासून तिची गुणगुण बंद झाली होती. तुला उगाच घोर नको म्हणून मी बोलले नाही. शाळेत गप्प, अंथरूण ओलं, आणि मग एक दिवस वर्गातल्या कात्रीनं तिनं कपाळावरची बट पार मुळापासून कापली. तिच्या बाईंनी एका ताईंचा पत्ता दिला, त्या मुलांना खेळातून बरं करतात म्हणे. मी काय म्हणाले असेन ते तुला ठाऊकच आहे. जन्मभर पोरांना मैदानात पळवणारी पीटीची बाई मी. खेळायला डॉक्टर कशाला लागतो? पण नेलं.

खोली साधीच आहे. बुटकी कपाटं, वाळूचं पसरट खोकं, बाहुल्यांचं घर. प्रत्येक वस्तू दर वेळी त्याच जागी. ताई काही विचारत नाहीत, शिकवत तर नाहीतच. भुंगी जे करेल तेवढंच बोलून दाखवतात. जसं की, बाहुली दाराशी बसली. अजून तिथेच बसलीये. मी बाहेर बाकावर बसून नाक मुरडायची. त्यांनी मला सांगितलं होतं की आपण मोठी माणसं बोलून मोकळी होतो, मुलं खेळून. खेळ तिच्या हातात असतो, त्यामुळे त्यातली भीतीही जरा तिच्या हातात येते. मी मान डोलावली, पण पटलं काडीचंही नव्हतं.

आज भुंगीनंच मला आत बोलावलं. आत तिचं राज्य. मला कोपऱ्यात मांडी घालून बसवलं आणि सांगितलं की आता मी भुंगी आणि ती मावशी. माझ्या गळ्यातली शिट्टी काढून स्वतःच्या गळ्यात घातली, कमरेवर हात ठेवले, हनुवटी वर. हुबेहूब मी. मला हसू आवरेना. मग हुकूम आला, आईबद्दल विचार. मी विचारलं, आई कुठे गेली? कामासाठी परगावी, माझ्याच ठसक्यात उत्तर. फोनवर दिसत का नाही? कॅमेरा बिघडलाय. कधी येणार? यावर तिनं जोरात शिट्टी फुंकली. वेळ संपली, हात धुवा, जेवायला चला.

ढमे, घरी मी अगदी हेच करते. मला वाटायचं ती आमची गंमत आहे.

मग ती पाठ फिरवून खेळातल्या नळाशी गेली, तोंड धुतल्यासारखं केलं आणि बाहीनं डोळे पुसले. नळ सोडून रडते ती मी. पाण्याच्या आवाजात कुणाला कळत नाही अशी माझी खात्री होती. ताई हळूच म्हणाल्या, मावशीला रडू आलंय, ती लपवतेय. भुंगीनं मान डोलावली. नाटकात पुढचं वाक्य सुचवतात तशी माझ्या कानाशी आली.

“आता विचार, आई मरणार आहे का?”

माझा हात शिट्टीसाठी गळ्याशी गेला, पण शिट्टी तिच्याकडे होती.

“विचार ना. मी शिट्टी नाही वाजवणार.”

विचारलं गं मी. कसं विचारलं, माझं मला माहीत. ती माझ्या मांडीत येऊन बसली आणि स्वतःच्या आवाजात म्हणाली, “मला माहीत नाही.” मग आम्ही दोघी रडलो, नळाबिळाशिवाय. ताईंनी मधे तोंड घातलं नाही, हे त्यांचे उपकार. परतताना बसमध्ये तिनं सांगितलं की तू जायच्या आधीच तिनं उशीवर तुझे केस पाहिले होते, खूप सारे. कापलेली बट कंपासपेटीत जपून ठेवलीये, तुला द्यायला. एवढं सांगून झालं आणि खिडकीबाहेर बघत भुंगीबाई गुणगुणायला लागल्या. मी अजून सावरलेले नाही.

तुला टक्कल पडलेलं तिनं बघायचं नाही, ऑपरेशनआधी तर मुळीच नाही, असं तू माझ्याकडून वचन घेतलंस. ते मी मोडतेय, आणि हे सांगायलाच हे पत्र. येत्या शनिवारी, ऑपरेशनच्या आधी, तिला घेऊन येतेय. तुझ्या डॉक्टरांना विचारलंय, त्यांची हरकत नाही. तुझी हरकत असेल, पण मी ती ऐकणार नाही. केसांचा टोप घालू नकोस. ती विचारेल ते तुला आता माहीत आहे. उत्तर नसलं तर माहीत नाही म्हणून सांग, तिला तेवढं पुरतं. शिट्टी मी घरी ठेवून येते.

तुझीच थोरली बहीण,
ताई