साक्षीचे कोरे बूट

मलकापूर, कराड

प्रिय आक्का,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, गोड बोलून गुंडाळतेस, म्हणून लिहायला बसले. इकडं सगळं बरं आहे. उसाला तोड आली, सासूबाईंचा गुडघाही जरा हलका आहे.

शिकायला तुझ्याकडं ठेवलेली साक्षी दिवाळीला घरी आली, तेव्हा तिचे बूट बघून मला पहिल्यांदा खटकलं. जूनमध्ये घेतलेले, तरी कोरे! इथं असताना ही पोरगी खो-खो खेळून आणि आगाशिवच्या डोंगरावर पळून बुटांची पार चाळण करायची. वाटलं, बारावी आहे, खेळाच्या तासाला गणित घेत असतील. मग वाटलं, तास बुडवून कुठं भटकत तर नसेल? आईचं मन, नको ते येतं. विचारलं तर बूट उचलून आत गेली. लहानपणापासून पोलीस व्हायचं वेड, पण आता भरतीचं नाव काढलं की डोळ्यांत पाणी.

परवा तिच्या खेळाच्या बाईंचा फोन आला. साक्षीचा दमा आता कसा आहे, विचारत होत्या. अगं, कसला दमा? तिला उन्हात पळवू नका, असं मावशीच सांगून गेली म्हणे. तास सक्तीचा, पण आजारपण म्हटल्यावर बाई तरी काय करणार?

तूच म्हणायचीस ना, शाळेत खेळाची सक्ती कशाला, ज्याला आवडेल तो खेळेल? आक्का, सक्ती होती म्हणून तर अण्णांनी आपल्याला मैदानावर जाऊ दिलं. ती काढली तर पहिल्या पोरीच घरात बसतील. आणि जिला आवडतं, तिलाच तू बसवलंस.

मग एकेक जुळत गेलं. तिला रोज लावायला दिलेलं हळद-बेसन. स्टुडिओत साडी नेसवून काढलेला फोटो, मावशीची हौस म्हणे. शेजारच्या मनुबाईंचं माहेर तुझ्याच गल्लीत, हे तू विसरलीस. तुझ्या दिरांचा इंद्रजित पलटणीतून सुट्टीवर आलाय आणि शनिवारी तुझ्याकडं कांदेपोहे आहेत, हे त्यांच्याकडून कळलं. पोरगी काळी पडू नये म्हणून तू तिला आजारी केलंस! सतरा वर्षांची आहे गं ती. माझा जीव लय तळतळला.

तुझी माया खोटी नाही, ठाऊक आहे मला. पण शुक्रवारी मी तुमच्या विश्रामबागेत येतेय. आधी बाईंना भेटून दमा नाही म्हणून सांगणार, मग तुझ्याकडं. शनिवारी पाहुणे आलेच, तर त्यांना शाळेच्या मैदानावर घेऊन ये. पोरगी तिथंच बघायला मिळेल, घामानं निथळणारी, उन्हानं रापलेली.

तुझीच,
मंगल